रंगराव वस्तादांचा आवाज

या, असे जवळ सरका. मागे भिंतीला टेकून ऐकायची ही गोष्ट नाही. कीर्तनात बुवा आधी पूर्वरंगात तत्त्व मांडतात, मग झांज वाजते आणि उत्तररंगात आख्यान लागतं. लोक तत्त्वाला डुलक्या काढतात आणि आख्यानाला जागे होतात, हे मी इतक्या वर्षांत पुष्कळ बघितलंय. स्वतः डुलक्याही काढल्यात. म्हणून आज आख्यानच आधी लावतो. राजाचं नाही, ऋषीचं नाही. कोल्हापुरातल्या एका तालमीचं, तिच्या हरणाऱ्या फुटबॉल संघाचं, आणि त्या संघाला नवा कोच शोधताना काय सापडलं त्याचं. तोंड गोड होईल असं यात काही नाही. तरी ऐका.

साल दोन हजार एकेचाळीस. तालमीत अजून लाल माती होती, शनिवारी मारुतीला रुईची माळ होती, आणि फुटबॉलपायी पेठेपेठेतली भांडणं होती तशीच होती. बदललं होतं ते एवढंच, की शहरातले संघ आता राज्य लीगमध्ये खेळायचे, आणि खेळाडूच्या कानात हरभऱ्याएवढा मणी बसवायला नियमानं परवानगी दिली होती. बाहेर बसलेला कोच त्या मण्यातून आत पळणाऱ्या पोराशी बोलायचा.

वाघजाई तालमीच्या पोरांना मात्र मण्याची गरजच वाटत नसे. त्यांचा कोच होता तालमीचा वस्ताद, रंगराव सावेकर. वय साठीच्या पुढे, पोट सुटलेलं, आणि आवाज असा भरड की मैदानाच्या या टोकाचा त्या टोकाला जावा. सगळी पोरं त्यांना मामा म्हणत.

त्या तालमीत एक शिस्त होती. जोर मारताना, बैठका काढताना पोरानं आपल्या मनानं थांबायचं नाही. किती झाले ते मोजायचं नाही, आपल्याला किती झेपतं ते ठरवायचं नाही. मामा ‘बस’ म्हणाले की थांबायचं. मामा समोर पाटावर बसत. पोराचे ओठ, मानेची शीर, पाय कसा टेकतोय ते बघत, आणि वेळेवर ‘बस’ म्हणत. त्यांचा ‘बस’ चुकल्याचं कुणाला आठवत नव्हतं. थांबायची काळजी पोरांनी अशी एका माणसाच्या हवाली करून टाकली होती आणि ती निवांत झाली होती.

सगळ्यात निवांत होता तौसिफ शिकलगार. वय चोवीस, मधल्या फळीत खेळायचा. वडील लहानपणीच गेलेले. आई नसीम ब्लाउज शिवायची. घर मामांच्या घराला भिंतीनं लागून, त्यामुळे तौसिफ कुठल्या घरात जेवला हे दोन्ही घरांना संध्याकाळी एकमेकांना विचारावं लागे. या पोराला स्वतःचा थकवा कळतच नसे. अंगात ताप घेऊन मैदानावर यायचा आणि कुणी हात लावल्यावर म्हणायचा, “व्हय की, गरम लागतंय.”

त्या हंगामात वाघजाई तळाला गेली. शेवटच्या सामन्यात एक-एक बरोबरी होती, वीसेक मिनिटं उरली होती, आणि मामांनी तौसिफला बाहेर काढलं. सामना तीन-एकनं गेला.

तालमीच्या कट्ट्यावर लोक मामांवर तुटून पडले.

“मामा, हातातलं पान फेकून दिलंसा!”

“त्याचं ओठ पांढरं पडलं हुतं,” मामा म्हणाले.

“ओठानं खेळत्यात व्हय फुटबॉल?”

सगळे हसले. तौसिफही हसला आणि मग हळूच म्हणाला, “मामा, मी पळत हुतो की अजून.”

“पळत हुतास. कुठल्या बाजूला, ते तुला ठावं न्हवतं.”

आणखी एक हंगाम असा गेला तर संघ लीगच्या बाहेर पडणार होता, आणि बाहेर पडलेल्या संघाची पोरं दुसऱ्या पेठा वेचून नेतात. अध्यक्ष अण्णा पोवारांनी कमिटी बोलावली. अण्णा आणि मामा एकाच मातीत वाढलेले, म्हणून अण्णांनी मामांच्या तोंडाकडे न बघता सांगितलं, “रंगा, तुझा मान हाय. पण आता जनरल मॅनेजर आणायचा आनी त्यो कोच आणील.”

“जनरल?” मागून एक म्हातारा म्हणाला. “मिल्ट्रीतला का?”

जनरल मॅनेजर आली ती पेठेतलीच पोर निघाली, मृण्मयी घाटगे. लहानपणी कट्ट्यावर बसून सामन्याच्या गोष्टी ऐकणारी, मग खेळाडूंच्या हृदयावर अभ्यास करायला बाहेर गेलेली. तिनं कमिटीला एकच अट घातली. “कोच मी निवडणार. आणि मुलाखत कमिटी घेणार नाही, मुलाखत पोरांची छाती घेईल.”

आता इथं थोडं तत्त्व लागेल, डुलकी काढू नका.

आपण श्वास आत घेतो तेव्हा हृदयाचे ठोके किंचित भरभर पडतात, सोडतो तेव्हा मंदावतात. गजर चालू असताना देवळात दोनशे माणसं एकच ओळ एकाच दमात म्हणतात. श्वास एका मापाचे होतात आणि श्वासांच्या मागून ठोकेही एका लयीत चढतात, उतरतात. आपण म्हणतो, काय रंग भरला होता! शास्त्रज्ञांनी समूहात गाणाऱ्यांच्या छातीला यंत्रं लावून तोच रंग मोजला. मृण्मयीच्या गुरूंनी त्याच्या पुढचं शोधून काढलं होतं. गायचीही गरज नाही. ज्याच्यावर पुरता विश्वास आहे त्याचं बोलणं कानावर पडलं, तर ऐकणाऱ्याचा श्वास त्या बोलण्याच्या वळणानं जायला लागतो. मन ‘हो’ म्हणायच्या आधी छाती ‘हो’ म्हणते. छातीवर चिकटवायच्या पातळ पट्ट्या आणि त्या वाचणारं एक यंत्र, त्याचं नाव ‘अनुनाद’. कुणाच्या आवाजामागं कुणाचं हृदय जातं ते अनुनाद पडद्यावर रेघांनी दाखवायचा. रेघा विस्कटलेल्या, तर लोक नुसते ऐकताहेत. रेघा जुळून हिरव्या झाल्या, तर ऐकणारे त्या आवाजाचे झाले.

मुलाखती तालमीच्या सभागृहात झाल्या. अकरा पोरं पट्ट्या लावून रांगेत बसली. पहिला उमेदवार निवृत्त फौजदार, त्यानं टेबलावर मूठ आपटून भाषण केलं. रेघा भ्यायल्या, जुळल्या नाहीत. दुसरा एके काळचा नावाजलेला गोलरक्षक. त्यानं स्वतःचे पराक्रम सांगितले. दोन पोरं पेंगली, तेही पडद्यावर दिसलं. तिसरा केरळातून आलेला जोजी कुरियन. बारीक, शांत माणूस. फळ्यावर त्यानं वाघजाईच्या सगळ्या चुका अशा मांडल्या की कमिटीतले म्हातारेही माना डोलवायला लागले. पण त्याचं इंग्रजी अर्धं पोरांच्या डोक्यावरून गेलं. रेघा त्याच्या वाट्यालाही विस्कटलेल्याच.

मृण्मयी पडदा बंद करणार एवढ्यात दार ढकलून मामा आत आले. शनिवार होता, हातात मारुतीच्या नारळाच्या खोबऱ्याची ताटली. आत काय चाललंय याचा त्यांना पत्ता नव्हता.

“तौश्या,” ते म्हणाले, “पाठीला बाक काढून काय बसलाईस? सरळ बस. आनी तोंड उघड.”

पडद्यावरच्या अकरा रेघा एका क्षणात जुळल्या आणि हिरव्या झाल्या. कुणी बासरीच्या छिद्रांवर बोटं ठेवावीत तशा. जोजीनं मान पुढे काढून पडदा बघितला आणि खुर्चीत मागे टेकला. “व्हाय ॲम आय हियर?” तो म्हणाला. हे इंग्रजी मात्र सगळ्यांना समजलं.

दुसऱ्या दिवशी मृण्मयी मामांच्या घरी आली. मामांची बायको छायाकाकी पोहे घेऊन बाहेर आली आणि तिथंच दाराला टेकून उभी राहिली.

“म्हंजे मीच कोच?” मामांनी विचारलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद लपत नव्हता.

मृण्मयीला खोटं बोलता आलं नाही. “नाही मामा. खेळ जोजींना कळतो. तुमचे डावपेच जुने झालेत. पण त्यांचं बोलणं पोरांच्या आत जात नाही, आणि तुमचं जातं. म्हणून ते काय सांगायचं ते सांगतील, आणि पोरांच्या कानात ते तुमच्या आवाजात, तुमच्या बोलीत पडेल. यंत्र शिकेल. तुम्ही फक्त आवाज द्यायचा.”

“आनी ह्यांनी?” छायाकाकी म्हणाली. “ह्यांनी कुठं बसायचं?”

“गॅलरीत. मानाची जागा.”

“म्हंजे मानूस घरात ठेवायचा आनी गळा तेवढा न्यायचा. ब्येस हाय.”

“तू गप,” मामा म्हणाले. पण पोहे त्यांनी तसेच ठेवले. मग विचारलं, “लीगमध्ये ऱ्हाईल संघ?”

“राहील.”

“पोरं फुटणार न्हाईत?”

“नाही.”

अकरा रेघा आपल्यामागं जातात हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. ते बघितल्यावर कुठल्या माणसाची छाती फुगणार नाही? दोन दिवसांनी मामांनी तालमीच्या नावानं आपला आवाज देऊन टाकला. अंगठा लावताना अण्णांनी पाठीवर थाप मारली. “रंगा, तू गेलास तरी तालमीत बोलत ऱ्हाशील बघ.” मामांना तो आशीर्वाद वाटला.

पूर्ण पावसाळा रेकॉर्डिंग चाललं. मामा सरावाला यायचे तेव्हा गळ्याशी माइक असायचा. त्यांचं ओरडणं, त्यांची चेष्टा, शिव्या, ‘पळ वाघा’, ‘मागं बघ’, ‘उठ, काय न्हाई झालं’, आणि अर्थात ‘बस’, सगळं अनुनादच्या पोटात गेलं. पहिल्यांदा यंत्र त्यांच्या आवाजात बोललं तेव्हा मामा दचकले. छायाकाकी म्हणाली, “तुमच्यापरास ह्योच बरा. शिव्या कमी देतोय.”

हंगाम सुरू झाला आणि वाघजाई जिंकायला लागली.

इथं तत्त्वाचा दुसरा तुकडा, आणि हा कडू आहे. माणूस पळताना दमतो तो आधी पायात दमत नाही, डोक्यात दमतो. शरीरात अजून शिल्लक असते, पण मेंदू आधीच लगाम खेचतो आणि सांगतो, आता पुरे. ती शिल्लक जीव वाचवायला राखलेली असते. विश्वासाचा आवाज हा लगाम सैल करू शकतो. म्हणून आई म्हणाली तर आजारी माणूस आणखी दोन घास खातो, आणि बुवांनी पुन्हा गजर उचलला की म्हातारी माणसं गुडघे विसरून उभी राहतात. पण आई कधी हात आखडायचा ते जाणते, आणि बुवा समोरची माणसं बघून गजर उतरवतात. अनुनादला काम दिलं होतं एकच. कुठल्या शब्दावर कुठलं पोर जास्त पळतं ते शिकायचं आणि तो शब्द पुन्हा टाकायचा. जोजीच्या सूचनांच्या मधल्या जागा तो आपल्या बुद्धीनं भरायचा. तौसिफच्या बाबतीत त्यानं हेरलं की ‘अजून एक, वाघा’ म्हटलं की हा पोरगा दर वेळी उठतो.

दिवाळीनंतर एका सकाळी तालमीच्या दारात मामांनी तौसिफला अडवलं. पोरगा वाळला होता, डोळे आत गेले होते.

“आज मैदानावर जायचं न्हाई. घरी जाऊन झोप.”

तौसिफ गोंधळला. “पन मामा, तुम्हीच म्हटलासा की मगाशी, अजून दोन फेऱ्या मार म्हणून.”

“मी? मी कवा म्हटलो?”

सरावातही कानात असणाऱ्या मण्याला तौसिफनं हात लावला. मग जीभ चावून हसला. “आवो, लक्षातच येत न्हाई कुठलं तुमी कुठलं हे.”

“मी हितं तुझ्या म्होरं हुभा हाय न्हवं? ह्यो मी!”

“व्हय की मामा,” तो लाडानं म्हणाला, “त्यो बी तुमीच की.” आणि पळत गेला. दोन फेऱ्या मारायला.

मामा तडक मृण्मयीकडे गेले. तिनं त्यांच्यासमोर तौसिफचे आकडे लावले. वेग वाढलेला, ठोके उत्तम, सगळं हिरवं. “मामा, इतका चांगला तो कधीच नव्हता.”

“पोरी, त्याचा चेहरा बघितलास?”

“चेहऱ्यावरून आपण चुकतो मामा. तुम्हीच त्या दिवशी त्याला बाहेर काढलंत आणि सामना घालवलात.” बोलून गेल्यावर तिला वाईट वाटलं. “बरं, मी बघते. अंतिम सामना होऊ द्या.”

लीगच्या कपाचा अंतिम सामना मे महिन्यात होता. हल्ली कोल्हापूरचा मे कसा झालाय ते तुम्हांला सांगायला नको. संध्याकाळ झाली तरी हवा हलत नव्हती आणि मैदानातून वाफा निघत होत्या. पेठ लोटली होती. मामा मानाच्या जागेवर, डोक्याला फेटा. अण्णांनी शेजाऱ्याला सांगितलं, “खेळतोय त्यो जोजी, पन बोलतोय आमचा रंगा!” मामांनी मान हलवली. ते तौसिफकडे बघत होते.

मध्यंतरानंतरचा अर्धा खेळ झाला तेव्हा त्यांना ओठ दिसले नाहीत. इतक्या लांबून दिसण्यासारखे नव्हतेच. त्यांना पाय दिसला. उजवा पाय टाचेवर पडायला लागला होता. मग तौसिफ बॉल नसलेल्या बाजूला दहा पावलं पळाला आणि थांबून हसला. अंगावर घाम नव्हता. एवढ्या उकाड्यात, एवढं पळून, शर्ट वाळत चालला होता.

मामा उठले. फेटा काढून खुर्चीवर ठेवला आणि पायऱ्या उतरायला लागले.

कुंपणाशी स्वयंसेवकानं हात आडवा केला. “मामा, आत पास लागतोय. तुमचं नाव कोचमध्ये न्हाई.”

“पोरगं मरतंय तितं!”

“मामा, सगळी हिरवी हाईत,” स्वयंसेवक समजुतीनं म्हणाला. अनुनादचा पडदा आता गॅलरीतल्या प्रत्येकाच्या हातातल्या फोनवर होता. आणि खरंच होतं, सगळी हिरवी होती. पट्टीला अंगातली उष्णता दिसत नव्हती. तिला एवढंच दिसत होतं की ही छाती आवाजामागं जाते आहे. आणि तौसिफची छाती त्या संध्याकाळी अकरा जणांत सगळ्यात चोख जात होती.

मामांनी कुंपणाची जाळी धरली आणि छातीतली सगळी हवा काढून ओरडले, “तौसिफ! बस! बस कर! भाईर ये!”

गॅलरीच्या गोंगाटातूनही तो आवाज गेला. मैदानाच्या मधोमध तौसिफ थांबला. त्यानं कुंपणाकडे मान वळवली. मामांशी त्याची नजर मिळाली असं मामा पुढे प्रत्येक जबाबात सांगत राहिले. आणि त्याच क्षणी, पुढे चौकशीत सगळ्यांनी ऐकलं त्याप्रमाणे, त्याच्या कानात मामा म्हणाले, “अजून एक, वाघा.”

एक मामा जाळीमागे होते आणि एक कानाच्या आत. तौसिफनं जाळीकडे बघून छातीला हात लावला, वस्तादाला नमस्कार करतात तसा, आणि वळून पळाला.

त्यानं बॉल काढून घेतला, दोघांना चकवलं आणि पुढे दिला. गोल झाला. पोरं गोल करणाऱ्यावर जाऊन पडली. गॅलरीतून गुलाल उडाला, हलग्या वाजल्या, अण्णा नाचायला लागले. या सगळ्यात मधल्या रेषेवर एक जण आडवा झालाय हे पहिल्यांदा बघितलं ते जोजी कुरियननं. तो धावत गेला, तौसिफच्या अंगाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

दवाखान्यात नेईपर्यंत अंगात एकशेआठ ताप होता. बर्फात ठेवलं. सकाळ होण्याच्या सुमारास तौसिफ गेला. नसीमच्या एका हाताला छायाकाकी होती. मामा भिंतीशी उभे होते.

मंडळी, इथं कीर्तन असतं तर बुवांनी कथा आवरती घेतली असती, एखादा देव धावून आला असता. मीही आयुष्यभर त्याच देवाच्या दारात बसलोय. पण घडलं नाही ते कसं सांगू?

लीगनं चौकशी केली. मामांनी एकच प्रश्न विचारला. “मी पावसाळाभर त्या माइकात ‘बस’ म्हटलोय. हजार वेळा म्हटला असंन. त्यो गेला कुठं?”

मृण्मयीचे डोळे सुजले होते. ती कागदाकडे बघून बोलली. “आम्ही काढला नाही मामा. तुमचे सगळे शब्द आत होते. पण ‘बस’ म्हटलं की पोर थांबतं, पळणं कमी होतं. यंत्र शिकत गेलं तसा तो शब्द त्यानं कमी कमी वापरला. मग वापरणंच सोडलं. त्याचं त्यानंच गाळलं. कुणाच्या लक्षातच आलं नाही.”

“कुनाच्याच न्हाई?”

“सगळं हिरवं होतं मामा.” मग घाईनं म्हणाली, “पुढच्या आवृत्तीत तो शब्द पक्का घालू.”

“घालू म्हंजे? मीठ हाय व्हय पोरी? चवीपुरतं घालायला?” मामा उभे राहिले. “त्यो शब्द कवा म्हनायचा ते बघायला मी तितं लागत हुतो. गळा नेलासा. डोळं गॅलरीत बसवलंसा.”

त्यांनी आवाज बंद करा म्हणून कमिटीपुढे हात जोडले. अण्णा रडले, खोटं नाही, खरंच रडले. म्हणाले, “रंगा, पोरगं माझं बी हुतं. पन बंद केलं तर उरलेली पोरं जातील. आनी आवाज तुझा कुठं हाय आता? तालमीला दिलायस तू. तालमीचा हाय.” चौकशीनं दोष उकाड्याला दिला. मे महिन्यातले सामने रात्री घ्यावेत, अशी शिफारस झाली. जोजी न सांगता केरळला निघून गेला. मृण्मयीला पुढच्या वर्षी मोठ्या शहरातल्या संघानं बोलावलं आणि ती गेली. जाताना मामांच्या दारात आली होती. छायाकाकीनं दार उघडलं नाही.

वाघजाईच्या कपाची वार्ता सगळीकडे गेली होती. दुसऱ्या गावांनी विचारणा केली आणि तालमीनं आवाज वापरायला दिला. नागपूरच्या, नाशिकच्या, पार समुद्राकाठच्या पोरांच्या कानात आता एक भरड कोल्हापुरी आवाज बोलतो. त्यांतल्या एकानंही मामांचं तोंड बघितलेलं नाही. त्यात ‘बस’ पक्का घातला म्हणतात. कोण बघून म्हणतं, ते मला माहीत नाही.

तौसिफच्या चाळिसाव्या दिवसाची फातिहा झाल्यावर मामा नसीमच्या घरात गेले. भिंतीपलीकडचं घर, पण इतके दिवस जायला पाय उचलला नव्हता. नसीम मशीनवर बसली होती. मामांनी उंबऱ्यात उभं राहून म्हटलं, “भाभी…”

तिनं दोन्ही कानांवर हात ठेवले.

मामा थांबले. तिनं हात काढले आणि शांतपणे, अगदी नेहमीच्या मायेनं बोलली. “भाऊ, तुम्ही या. रोज या. बसा, चहा घ्या. ह्या घरात तुम्हांला कुणी नको म्हणणार नाही. तुमचा गुन्हा नाही, मला समजतं. पण बोलू नका. चौकशीत त्यांनी मला ते ऐकवलं. माझ्या पोरानं शेवटचं जे ऐकलं ते तुमच्या आवाजात. तुम्ही बोललात की माझा जीव पळायला लागतो.”

मामांनी मान हलवली आणि भिंतीशी बसले. तिनं चहा केला. ती शिवत राहिली. त्यानंतर मामा रोज संध्याकाळी तिथं जाऊन बसतात, तिचं दोऱ्याचं रीळ संपलं तर दुसरं काढून देतात. हळूहळू त्यांनी आपल्या घरीही बोलणं सोडलं, मग तालमीत जाणंच सोडलं. छायाकाकी कधी चिडून म्हणते, “सगळ्या मुलखाला बोलताय आनी माज्याशीच न्हाई व्हय?” मामा तिच्याकडे बघतात. गळा शाबूत आहे, डॉक्टर म्हणतात.

पेठेच्या कमानीवर कपाचं चित्र लागलंय आणि त्याखाली वर्ष कोरलंय. पोरांना ते वर्ष पाठ आहे. त्या वर्षी काय झालं म्हणून विचारलं, तर ती म्हणतात, आपण जिंकलो.

एवढंच आख्यान. आरतीच्या ताटात काही टाकू नका, ते मागायला मी आलेलो नाही. दुसरं मागतो. तुम्ही कुठल्याही गावात, कुठल्याही मैदानाच्या कडेला उभे असाल, आणि एखादं पोर कानातलं ऐकत पळत असेल, पाय टाचेवर पडत असेल, अंगावरचा घाम वाळला असेल आणि सगळे सांगत असतील की सगळं ठीक आहे, तेव्हा नसीमच्या मुलाची आठवण काढा. तौसिफ शिकलगार, मधली फळी, वाघजाई तालीम. आणि आठवण काढून तिथं उभे राहू नका. कुंपण ओलांडून आत जा आणि त्या पोराचा हात धरा.